उकळलेलं तीर्थ

माझा आजार सगळ्यात आधी सापडला तो आमच्या शिंपीणकाकूंना. चुलत नणंदेच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकायचा होता. गळ्याचं माप घेताना काकूंचा हात मानेच्या डाव्या बाजूला थांबला.

"वैशाली, हितं काय हाय गं? आवळ्यागत लागतंय."

मी चाचपून बघितलं. दुखत नव्हतं. "असंल काहीतरी," म्हटलं.

"असंल काहीतरी म्हणू नगं. ब्लाउज कुठं पळून जात न्हाई. आधी डॉक्टरला दावून ये, मग कापड कापतो." आमच्याकडच्या बायका 'कापतो', 'जातो', 'आलो' असंच बोलतात. काकूंनी खरंच कापड बाजूला ठेवलं. त्यांच्या त्या हट्टाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

हे सगळं लिहायचं कारण सांगते. उपचार चालू असताना वॉर्डातल्या बायकांनी आणि नंतर माझा नंबर मिळवून फोन करणाऱ्या अनोळखी पेशंटांनीही मला एकच प्रश्न विचारला: "तुम्ही देव मानत नाही म्हणे. मग ह्या सगळ्यात धरलंत तरी काय?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आता शेवटचं स्कॅन स्वच्छ आलंय, डोक्यावर बोटभर केस उगवलेत, आणि उत्तर थोडंफार जमेल असं वाटतंय. ते काही तत्त्वज्ञान नाही. आमच्या घरात, सासू-सुनेत जे घडलं तेवढंच आहे.

रिपोर्ट

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करते. वितळलेलं लोखंड ज्या साच्यात ओततात, त्याची वाळू तपासते. वाळूत ओल किती, ती दाबली तर किती धरते, तिच्यातून हवा किती जाते, हे बघायचं. माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं. आई गडावर पर्यटकांना झुणका-भाकरी विकायची. तिच्या भाकरीवर मी बी.एस्सी. झाले. दोन्ही घरांत मिळून पदवी घेतलेली मी पहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. ज्या भाकरीनं शिकवलं तिची आठवण ठेवावी म्हणून सांगते.

रिपोर्ट आला त्या दिवशी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या हॉस्पिटलात मी, माझा नवरा प्रताप आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, असे तिघं गेलो होतो. आत्ती बाहेर बाकावर थांबल्या. डॉक्टर मॅडमनी आडवळणानं सांगितलं नाही. लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे, म्हणाल्या. औषधांना चांगली दाद देणारा आहे, बरीच माणसं पूर्ण बरी होतात.

मी विचारलं, "माझी खात्री देता?"

"नाही. शक्यता चांगली आहे, एवढंच सांगू शकते. खात्री देणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून जरा लांब राहा."

प्रताप रडवेला झाला होता. मला मात्र त्या उत्तरानं धीर आला. जेवढं माहीत तेवढंच सांगणाऱ्या माणसाच्या हातात आपण आहोत, असं वाटलं.

बाहेर आल्यावर आत्ती उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणली डॉक्टरीण?"

"कॅन्सर हाय, आत्ती."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हातातल्या पिशवीतून डबा काढला. "बस. आधी खा. उपाशी पोटी आसलं काय पचत न्हाई." मी तिथंच, ये-जा करणाऱ्या माणसांत, मेथीची भाजी-भाकरी खाल्ली. एक घासही बाहेर आला नाही.

भेटायला येणारी माणसं

आत्तींचं आणि माझं सूत तसं जेमतेम. सासरे वारले तेव्हा प्रताप पाळण्यात होता. त्यांनी एकटीनं, दुसऱ्याच्या रानात राबून त्याला वाढवलं. त्यांचं सगळं जगणं देवाच्या आधारानं चाललेलं. मी सणाला पुरणपोळ्या लाटते, पाहुण्यांचं करते, पण हात जोडत नाही, उपास करत नाही. एकदा अमावास्येला माहेरी निघाले तर आत्ती चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. "शिकल्यालं डोस्कं हाय तुझं," एवढंच म्हणायच्या. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

कॅन्सरची बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. कुणी नारळपाणी आणलं, कुणी सल्ले. 'मागच्या जन्मीचं काहीतरी असंल', 'देव परीक्षा बघतोय'. आजारी माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं, कारण तो अंथरुणावर असतो आणि पाहुण्याला चहा मिळालेला नसतो.

आत्तींची धाकटी बहीण तानूमावशी तर सरळच बोलल्या. "वैशाली, वाईट वाटून घिऊ नगं. पर देवाला कदी हात जोडलास न्हाईस. आता बग."

मी काही बोलायच्या आत चुलीपुढनं आत्तींचा आवाज आला. "तुझ्या गुडघ्याचं काय मग, तानू? तू तर रोज दोन येळंला जोडतीस की!"

मावशी चहा न घेताच उठल्या. आत्ती मागनं म्हणाल्या, "कप भरलाय गं, पिऊन तरी जा." मला हसू आवरेना. पहिल्या औषधानंतर मी पहिल्यांदा पोटभर हसले ती त्या दिवशी.

भीती

केमोचा दिवस असा असायचा: सकाळी रक्त द्यायचं, आकडे बरे आले तर आरामखुर्चीत बसायचं, सुई लागायची, लाल औषध नळीतून उतरताना बघत राहायचं. नर्सताई येता-जाता पायावर चादर नीट करायच्या. कुणी सांगितलेलं नसायचं, तरी करायच्या. तोंडाला लोखंडाची चव यायची. फौंड्रीत काम करून सवय आहे, असं मी म्हणायचे.

शेजारच्या खुर्चीवर शमीमभाभी असायच्या. त्यांच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान. त्या डोळे मिटून ओठ हलवत पठण करायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "वैशाली, तू कुछ नहीं पढती?"

"न्हाई भाभी. मला काही येत न्हाई."

"फिर डर लगे तो क्या करती?"

मी खरं सांगितलं. भीती वाटली की मी घाबरते. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, मग ते आपोआप उतरतं. कुणाला साकडं घालता येत नाही, ही अडचण आहे. पण 'मलाच का?' हा प्रश्नही मला पडत नाही. कुणी मुद्दाम दिलेलं नाही, कसली शिक्षा नाही, म्हणून कुणावर रागही नाही. एक पेशी चुकली. तिच्यामागं हेतू शोधायचं काम माझ्यावर नाही. भीती आहेच, पण अपराधाचं ओझं नाही, त्यामुळं झोप लागते.

भाभींनी थोडा विचार केला. "अच्छा है. मैं तेरे हिस्से का भी पढ लेती हूँ. तू मेरे हिस्से की नींद ले." मग दोघींनाही एकदमच उलटी आली आणि नर्सताई एकच भांडं घेऊन धावत आल्या. त्यावरनंही आम्ही हसलो.

ताप

उपचार निम्म्यावर आले होते. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा साधा जंतूही जिवावर बेततो. म्हणून नियम कडक होते. पाणी उकळून, कच्चं काही नाही, घरात फुलं नाहीत, ताप आला तर वाट न बघता हॉस्पिटल. आत्तींनी हे नियम देवाच्या सोवळ्यासारखे पाळले. माझी भांडी वेगळी, धुतलेली, उन्हात वाळवलेली. पाणी त्या स्वतः उकळायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

एका दुपारी मला हुडहुडी भरली. प्रताप कामावरून धावत आला आणि गाडी काढून आम्ही कोल्हापूर गाठलं. मला दाखल केलं, सलाईन लागलं, रक्त तपासणीला गेलं. डॉक्टर मॅडमनी नेहमीचं विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं? पाणी बाहेरचं?"

"काही नाही," प्रताप म्हणाला.

कोपऱ्यात उभ्या आत्ती पुढं आल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. "मी दिलंय," म्हणाल्या.

"काय दिलंय?"

"तीर्थ. डोंगरावरलं. शेजारनीनं बाटली आणलीती. रोज सकाळी हिच्या पाण्यात घालत व्हतो."

आत्ती घाईघाईनं म्हणाल्या, "तसंच न्हाई दिलं. उकळून दिलं. गाळलं बी. हिला उकळल्यालंच चालतंय, मला ठाऊक हाय की."

मला एवढा ताप होता, तरी ते ऐकून मी डोळे उघडले. जोतिबाचं तीर्थ गॅसवर ठेवून उकळणारी बाई मी तोवर बघितली नव्हती. देवाला उकळी सोसेल, जंतूला सोसणार नाही, असा हिशोब त्यांनी मनाशी केला असणार.

"फकस्त अंगारा नंतर टाकायचो," त्या हळूच म्हणाल्या. "चिमूटभर. गार झाल्यावर. अंगारा उकळला तर त्याचं काय ऱ्हातंय?"

प्रताप फुटला. "आई, मारायला निघालीस काय तिला? कोण कुठल्या हातानं ती राख चिमटीत धरतंय, कुठं पडल्याली असती! तुला एवढं सांगितलंतं!"

"प्रताप, तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आत्तींना त्या काहीच बोलल्या नाहीत. पण आत्तीच खोलीबाहेर गेल्या. नंतरचे काही दिवस मला फारसे आठवत नाहीत. हाडं फुटल्यासारखी दुखायची, एवढं आठवतं. आणि आत्ती भेटायला आल्या नाहीत, हेही.

वाळू

ताप उतरला. पेशी वर यायला लागल्या. डॉक्टर मॅडम कल्चरचा रिपोर्ट घेऊन आल्या. रक्तात कोणता जंतू वाढला ते त्यात कळतं. प्रताप माझ्या उशाशी होता.

"हा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतोच," त्या म्हणाल्या. "पेशी खाली गेल्या की तोच रक्तात शिरतो. बऱ्याच जणांना काहीही बाहेरचं न घेता असा ताप येतो."

"म्हणजे तीर्थामुळं झालं नाही?" मी विचारलं.

"त्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. त्यामुळं झालंच नाही, असंही शपथेवर सांगणार नाही. शक्यता फार कमी दिसते. पण पुन्हा द्यायचं नाही, हे नक्की."

त्या गेल्यावर प्रतापनं दार लोटलं. "वैशाली, आईला हे सांगू नको."

"का?"

"तिनं देव काढून ठेवलेत. देव्हारा रिकामा हाय. उपास बंद, दिवा बंद. म्हणती, माझ्या देवानं सून मारली आसती. आता पुन्हा काही करायची न्हाई ती. तुला जे एवढी वर्षं पायजे होतं ते आपसूक झालंय. होऊ दे की."

खोटं बोल असं तो म्हणत नव्हता, फक्त गप्प बसायला सांगत होता. तेही माझ्या जिवाच्या काळजीनं. मी पडून विचार करत राहिले. मोह झाला, हे लपवत नाही. पुढचे उपचार बाकी होते. आत्ती घाबरलेल्या राहिल्या तर मी सुरक्षित. शिवाय न बोलता जिंकणं कुणाला नको असतं?

पण फौंड्रीतली रोजची गोष्ट डोक्यातून जाईना. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, बारीक छिद्रं पडली की पहिला आरोप वाळूवर. सुपरवायझर ओरडत येतो, "वाळू बदला!" कधी खरंच वाळूत ओल जास्त असते. पण कधी धातूत वायू असतो, कधी ओतणाऱ्याचा हात चुकलेला असतो. माझं काम एवढंच, की तपासल्याशिवाय वाळूला दोषी म्हणू द्यायचं नाही. ज्या दिवशी वाळू आधीच ओलसर असते आणि सगळे तिच्यावर बोट ठेवतात, त्या दिवशी तर जास्तच तपासायचं.

"माझ्या जन्माच्या वेळंला आमची दुभती म्हैस मेली, तुम्हाला सांगितलंय का मी?" मी प्रतापला विचारलं.

"म्हशीचं काय आता मध्येच?"

"मी जन्मले आणि म्हैस मेली. चुलती मला पांढऱ्या पायाची म्हणायची. कुठं जाताना मी आडवी आले की परत फिरायची. शाळेत जायला लागल्यावर आईनं सांगितलं, त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या अजून म्हशी मेल्या होत्या, रोगच आला होता. मी चुलतीला विचारलं, शेजारच्या म्हशी कुणाच्या पायानं मेल्या?"

"मग?"

"मुस्काटात दिली तिनं. पण उत्तर दिलं न्हाई. मी देव मानायचं सोडलं ते पुस्तक वाचून न्हाई. मी तोंड वर करून विचारलं आणि कुणाला उत्तर देता आलं न्हाई, तिथनं सुरू झालं. तपासल्याशिवाय कुणाच्या माथी मारायचं न्हाई, एवढाच माझा धर्म हाय, अहो. आता आत्तींना मी पांढऱ्या पायाच्या करू?"

प्रतापनं माझ्या अंगावरची चादर वर ओढली. मग म्हणाला, "मी बी तिला लई वाईट बोललोय." आणि उठून माझ्यासाठी चहा आणायला गेला.

घरी

घरी आले तर बाहेरच्या सोप्यात आत्तींची बॅग भरलेली. निपाणीकडं त्यांच्या भावाकडं निघाल्या होत्या. देव्हाऱ्यात काही नव्हतं. देवांचे चांदीचे टाक एका रुमालात बांधून बाजूला ठेवलेले होते, गुरवाला परत द्यायला. वर्षानुवर्षं उदबत्तीनं काळपट झालेली ती जागा उघडीबोडकी दिसत होती. मी वाद घालून जे कधी घडवू शकले नसते ते भीतीनं काही दिवसांत घडवलं होतं, आणि मला त्यात काहीच आनंद वाटला नाही.

"तू आलीस, मी निघतो," आत्ती म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. "जेवण करून ठेवलंय. मी हात लावला न्हाई, शेजारच्या सुमनला करायला लावलंय."

"आत्ती, बसा. डॉक्टरीण काय म्हणल्या ते ऐकून जा."

मी सगळं सांगितलं. मॅडमनी जसं सांगितलं तसंच, ना कमी ना जास्त. जंतू माझ्याच पोटातला. तीर्थाची शक्यता फार कमी. शून्य नाही.

आत्तींनी मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून बोलतीस."

"बरं वाटावं म्हणूनच बोलायचं असतं, तर तुमच्या तीर्थानं वाचले असं नसतं का म्हटलं?"

हे त्यांना पटलं. "व्हय, ते बी खरं हाय. तोंडदेखलं बोलायला तुला कुठं येतंय."

"आणि अजून एक. मला राग आला होता. अजून हाय थोडा. मला न विचारता दिलंत म्हणून."

"इचारलं आसतं तर घेटलं आसतंस?"

"न्हाई."

"मग?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"मग न्हाई म्हणायचं माझ्याकडं राहू द्यायचं की, आत्ती. माझं शरीर हाय."

त्या बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "तीर्थामुळं न्हाई, मग कुणामुळं आला ताप?"

"कुणामुळंच न्हाई."

"कुणामुळं न्हाई, आसं बी आसतंय व्हय?"

"असतंय. लई वेळा असतंय. एका मागनं दुसरं झालं म्हणजे पहिल्यामुळंच दुसरं झालं, असं न्हाई."

आत्तींचा हात थांबला. त्या खाली बघत बोलायला लागल्या, इतक्या हळू की मला पुढं सरकावं लागलं.

"प्रताप पाळण्यात व्हता. माघात पाच रविवार आमी चालत जोतिबाला जायचो, खेट्याला. त्या साली एका रविवारी पोराला ताप आलता, म्हणून मी गेलो न्हाई. एक खेटा चुकला. फुडच्या हप्त्यात उसाची ट्रॉली उलटली, हे खाली सापडले. सासू म्हणली, तू देवाला चुकलीस, माझं लेकरू गेलं. मरस्तोवर म्हणत व्हती." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तवापासनं एक खेटा चुकवला न्हाई मी. पायाला फोड आलं तरी न्हाई. तुला गाठ निघाली तवा वाटलं, आता ह्या डावाला तरी चुकायचं न्हाई. म्हणून दिलं पाणी."

एवढी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. प्रतापलाही नव्हतं. तो दारात उभा होता, हातात औषधांची पिशवी घेऊन.

मी विचारलं, "ट्रॉली कशानं उलटली, आत्ती?"

"चाक खड्ड्यात गेलं म्हणत्यात. ऊस बी ठेचून भरल्याला."

मला पुढं बोलायची गरज पडली नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली. हिशोब लागत नसला की पडते तशी.

"खड्डा रस्त्यात आधीच व्हता," त्या म्हणाल्या. आणि बॅगेचा पट्टा सोडून, "तो काय मी पाडला न्हवता."

प्रतापनं पिशवी खाली ठेवली आणि आईच्या शेजारी बसला. तिचा हात हातात घेऊन बसला फक्त. आत्ती रडल्या, मोठ्यानं, अगदी नुकतंच कुणी गेल्यासारखं. मग तोंड धुऊन आल्या आणि सुमननं केलेल्या भाताचं झाकण काढून बघितलं.

"ह्यो भात हाय का चिखोल? थांब, दुसरा टाकतो."

बॅग मी उचलून आतल्या खोलीत ठेवली. त्यांनी ती उचलू दिली.

माघ

दुसऱ्या दिवशी टाक देव्हाऱ्यात परत आले. मी आणले नाहीत, आणि आणू नका असंही म्हटलं नाही. उरलेले उपचार त्यांच्या हातच्या उकळलेल्या, नुसत्या पाण्यावर पार पडले. मळमळ, तोंडातले फोड, हातापायांची आग, ते सगळं यथासांग झालं. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना सांगते, ते संपतं. कधी कधी ते संपेल असं वाटतच नाही, तरी संपतं. शमीमभाभींचंही संपलं. आम्ही एकमेकींना फोन करतो. त्या अजून माझ्या वाटणीचं पठण करतात, आणि मी त्यांना तपासणीच्या तारखांची आठवण करते.

आणि तो प्रश्न, 'धरलंत तरी काय?' मी माणसांना धरलं. खात्री नाही म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरला, चादर सारखी करणाऱ्या नर्सताईंना, कापड बाजूला ठेवणाऱ्या शिंपीणकाकूंना. आणि जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं, हे धरलं. माझ्यासारख्या साध्या बाईला तेवढं पुरलं. कुणाला देवाचा आधार लागत असेल तर त्यांनी जरूर घ्यावा. औषध सोडू नये आणि आजाराचं खापर कुणावर, विशेषतः स्वतःवर, फोडू नये, एवढंच हात जोडून सांगणं आहे. हो, त्यासाठी मी हात जोडते.

माघ लागला. पहिल्या रविवारी आत्ती खेट्याला गेल्या. परत आल्यावर चिमटीत अंगारा घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. हात कपाळापर्यंत आला आणि मध्येच थांबला.

"लावू?"

"नको, आत्ती."

"बरं." त्यांनी इकडंतिकडं बघितलं, अंगणात गेल्या आणि माझ्या स्कूटरच्या दिव्यावर बोट ओढलं. "हिचं काय म्हणणं न्हाई दिसतंय."

तिसऱ्या रविवारी त्यांचे पाय सुजले होते. सकाळी दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. "आज न्हाई जात," असं म्हणून टीव्ही लावून बसल्या. प्रतापची त्या दिवशी ड्युटी होती. दुपारभर टीव्ही चालू होता, पण आत्तींची नजर रस्त्यावर. मी शेजारी शेंगा फोडत बसले. उठून जावंसं वाटलं नाही. ऊन भिंतीवरून उतरलं, गल्लीतली पोरं क्रिकेट खेळून घरी गेली.

प्रताप आला. दारात बूट काढता काढता म्हणाला, "आई, डोंगरावर गेली न्हाईस आज?"

"न्हाई गेलतो," आत्ती म्हणाल्या. त्याच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघितलं. मग पदर खोचत उठल्या. "भजी करतो. कांद्याची खाणार का बटाट्याची?"